पुणे–देवगडच्या फेऱ्या आणि एकदा स्पिती: टूरिंगला कोणती मोटरसायकल घ्यावी, आणि पाच-सहा वर्षांत खरा खर्च किती येतो?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

नवी मोटरसायकल घ्यायची आहे. पुण्यात राहतो, गाव देवगडजवळ. महिना-दीड महिन्याने गावाला फेरी होते. बहुतेक वेळा बायको मागे असते आणि येताना सामान. आंब्याच्या दिवसांत ते किती असतं हे कोकणातल्यांना सांगायला नको. पुढच्या जूनमध्ये दोघांनी हिमाचलात स्पितीला जायचंही घाटतं आहे. ऑफिसला बसने जातो, त्यामुळे शहरात गाडी फारशी चालणार नाही. वर्षाचं रनिंग दहा हजारांच्या आसपास. बजेट ऑन-रोड तीन लाख, ताणून सव्वातीन.

यादीत आहेत रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५०, होंडाची सीबी ३५०, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स, बजाजची डॉमिनार ४०० आणि एनफिल्डचीच हिमालयन ४५०. व्हिडिओ भरपूर पाहिले. शून्य ते शंभर किती सेकंदांत आणि सायलेन्सरचा आवाज कसा, हे आता तोंडपाठ झालंय. मला जे हवंय ते तिथे कुणी सांगत नाही. रविवारी संध्याकाळी गगनबावड्याच्या घाटात गाडी बंद पडली तर पुढे काय होतं? आणि पाच-सहा वर्षं वापरून विकली, तर सगळं धरून किलोमीटरला काय पडते? ज्यांनी गाड्या खरंच पळवल्या आहेत त्यांनी लिहा.

कोयनाकाठ

वाचतोय. माझीही यादी हीच, फक्त मागे वडील बसतात.

दगडगोटा

घाटवाट, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. देवगडची फेरी ही गरज आहे, स्पिती ही हौस आहे. गाडी गरजेवर घ्यायची आणि हौसेला ती पुरते का एवढंच बघायचं. बरेच जण उलटं करतात आणि मग उंच, जड गाडी वर्षभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओढत बसतात.

पुणे–देवगड म्हणजे पावणेचारशे-चारशेचा दिवस. कोल्हापूरपर्यंत सरळ हायवे, मग गगनबावडा, वैभववाडी, तळेरे. एवढ्या रनिंगला इंजिनाच्या आधी तुमचं बूड आणि खांदे बोलायला लागतात. त्यामुळे सीट, हँडलची उंची आणि वारा अंगावर किती येतो, या तीन गोष्टी बघा. शोरूमची टेस्ट राइड दोन किलोमीटरची असते, त्यात यातलं काहीच कळत नाही. ओळखीपाळखीतून कुणाची गाडी मिळाली तर निदान ताम्हिणीपर्यंत जाऊन या.

स्पितीबद्दल पेट्रोलची काळजी लोक उगाच जास्त करतात. किन्नौरच्या बाजूने जाताना पोवारीला टाकी फुल करायची, पुढे काझाला पंप आहे. काझाहून कुंझुम खिंड, ग्रांफू करत मनाली साधारण दोनशे किलोमीटर. १२ लिटरची टाकी असलेली व्ही-स्ट्रॉम, खराब रस्त्यावर लिटरला पंचवीसच दिलं असं धरलं तरी तीनशे जाते. लडाखची गोष्ट वेगळी, मनालीकडून निघालं की तांडीच्या पंपावरचा '३६५ किलोमीटर पुढे पंप नाही' हा फलक उगाच प्रसिद्ध झालेला नाही. तुम्हाला स्पितीत खरा त्रास होईल तो लोसर ते ग्रांफू. रस्ता म्हणावा असं फार थोडं आहे, सगळे दगडगोटे आणि दुपारी वाढणारे नाले. तिथे ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा लागते. हिमालयन ४५० चा २३० मिमी, व्ही-स्ट्रॉमचा २०५, मीटिऑरचा १७०. आणि जूनच्या सुरुवातीला कुंझुम कधीकधी उघडलेलाच नसतो, तेव्हा तारीख जूनच्या शेवटाकडे ठेवा.

बारातेराचा_पाना

सांगलीत गॅरेज आहे. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या हाताखालून जातात म्हणून लिहितो.

गाडी वाटेत बंद पडते ती इंजिन फुटून नाही. बंद पडते ती बॅटरी, पंक्चर, क्लच केबल, चेन आणि साइड स्टँडच्या सेन्सरमुळे. यातल्या चार गोष्टी मालकाच्या हातात आहेत. क्लच केबलचंच घ्या. नवी केबल आणायची, जुन्या केबलच्या कडेने टँकखालून ओवायची आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकची पिशवी बांधून टेपने गुंडाळून ठेवायची. जुनी तुटली की फक्त टोकं बदलायची. घाटात टॉर्च तोंडात धरून टँक काढायची वेळ येत नाही.

चेन बघायची पद्धत पण सांगतो, कारण टूरिंगवाले सगळ्यात जास्त हेळसांड तिचीच करतात. गाडी मेन स्टँडला लावा. बऱ्याच नव्या गाड्यांना मेन स्टँडच येत नाही, त्यांनी पॅडॉक स्टँड घ्यावा. मागचं चाक हाताने हळू फिरवत खालच्या बाजूला मधोमध बोटाने चेन वर-खाली करत जा. एका जागी चेन ताठ आणि अर्धा फेरा पुढे गेली की लोंबते, असं झालं की ती ताणून उपयोग नाही. कुठे खेचली गेलीय, कुठे नाही. सैल जागेवर ॲडजस्ट केली तर ताठ जागेवर गिअरबॉक्सच्या बेरिंगला ओढ बसते. मग चेन सेट पूर्ण बदलायचा, दोन्ही स्प्रॉकेटसकट. नुसती चेन बदलून जुन्या दातांवर चढवली तर नवी पण लवकर जाते. दर पाचशे किलोमीटरला ल्यूब, पावसात त्याच्या आधी. माझ्याकडे नीट राखलेला चेन सेट वीस-पंचवीस हजार चालतो, न राखलेला बारा हजारांत येतो.

तुमच्या यादीबद्दल: ३५० वाल्या एनफिल्डचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात, यात दुमत नाही. व्ही-स्ट्रॉमचं इंजिन जिक्सर २५० चं आहे, ते २०१९ पासून रस्त्यावर आहे, ऑइल कूल्ड आणि साधं. रेडिएटर नाही, पंखा नाही, कूलंटचा पाइप नाही. डॉमिनारचं इंजिन केटीएम ३९० च्या घराण्यातलं, काम करायला हात बसलेला लागतो, पण बजाजची सर्व्हिस सेंटर जवळजवळ सगळीकडे आहेत. हिमालयन ४५० लिक्विड कूल्ड, गाडी चांगली, पण रस्त्याकडेचा मिस्त्री तिला हात लावताना दहा वेळा विचार करेल.

हिशोबनीस

अरे वा, शेवटी कुणीतरी खर्चाचा प्रश्न विचारला! मी घरातल्या दोन्ही गाड्यांचा सगळा हिशोब वहीत ठेवते, त्यामुळे रीतसर लिहिते.

पहिली गोष्ट, ३५० सीसीची रेघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि ३५० च्या वरच्या गाडीवर सेससकट ३१ होता तो ४० झाला. उदाहरणासाठी कराआधी दीड लाखाची ३५० घ्या. पूर्वी ती १,९२,००० ला पडायची, आता १,७७,००० ला. कराआधी दोन लाखांची ४०० सीसीची गाडी २,६२,००० ची २,८०,००० झाली. हा नुसता एक्स-शोरूमचा फरक. आपल्याकडे आरटीओचा एकरकमी कर या किमतीवरच बसतो, सीसीप्रमाणे दहा ते बारा टक्क्यांच्या घरात, म्हणजे करावर कर.

दुसरी रेघ विम्याची, तीही ३५० वरच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर, तो) विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ च्या दरांनी १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ आणि ३५० च्या वर १५,११७, वर जीएसटी. म्हणजे दुपटीहून जास्त. मीटिऑरच्या ३४९ आणि डॉमिनारच्या ३७३ सीसीमध्ये इंजिनाचा फरक किती आणि खिशाचा किती, बघा.

तिसरं पेट्रोल. सहा वर्षांत साठ हजार किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर लिटरला ३५ देणाऱ्या गाडीचे सुमारे १,७८,००० होतात आणि २८ देणारीचे २,२३,०००. पंचेचाळीस हजारांचा फरक, पण सहा वर्षांवर पसरल्यामुळे जाणवत नाही. शोरूममध्ये पाच हजारांच्या डिस्काउंटसाठी आपण तास तास घासाघीस करतो आणि हे कुणी विचारत नाही.

चौथं कर्ज. दोन लाख, ११ टक्के, तीन वर्षं: हप्ता साधारण ६,५५०, व्याज ३५,७००. एवढ्यात दोघांची चांगली हेल्मेटं, जॅकेटं आणि हातमोजे येतात.

पण या सगळ्यांत मोठा खर्च कुणी धरत नाही तो म्हणजे घसारा. तीन लाखांची गाडी सहा वर्षांनी सव्वा लाखाला गेली तर पावणेदोन लाख तिथेच गेले, साठ हजार किलोमीटरवर भागले तर किलोमीटरला जवळजवळ तीन रुपये. पेट्रोलही तेवढंच. सर्व्हिसिंग, टायर, चेन मिळून रुपया-सव्वा रुपया धरा. विमा वेगळा. गाडीने हायवेला आठ रुपये किलोमीटरच्या खाली फिरणं या गटात अवघड आहे. दोघंजण असाल तर एसटीशी बरोबरी करू नका, निराश व्हाल.

एनएच४८वाला

हिशोबनीस ताई, दंडवत. पण दगडगोटा आणि पानावाले मित्र ३५० कडे झुकताना दिसतात म्हणून माझा विरोध नोंदवतो.

दोघं माणसं, दोन सॅडल बॅगा, वर आंब्याची पेटी. वीस हॉर्सपॉवरच्या गाडीवर नव्वदच्या पुढे ओव्हरटेकला काही शिल्लक राहत नाही. साताऱ्यापासून कागलपर्यंत रुंदीकरणाचं काम किती वर्षं चालू आहे ते सगळे बघतोच आहोत. डायव्हर्जनमधून बाहेर पडलं की दोन ट्रेलर शेजारी शेजारी चाललेले असतात. तिथे पटकन पुढे निघून जाता येणं ही चैन नाही, सुरक्षितता आहे. डॉमिनारचे ४० पीएस लोड घेऊन शंभरला आरामात चालतात आणि इंजिन थरथरत नाही. ८,००० रुपये विम्याचे जास्त गेले तर गेले.

दगडगोटा

@एनएच४८वाला, ट्रेलरच्या मागे थांबायला काय हरकत आहे? नव्वदने आणि शंभरने पुणे–कोल्हापूरमध्ये फरक पडतो पंधरा-वीस मिनिटांचा. तेवढ्यात चहा होतो.

एनएच४८वाला

थांबतो हो. पण मागून कंटेनर चिकटलेला असतो तेव्हा थांबायचा पर्याय आपल्या हातात नसतो. तिथे पुढे निघायला ताकद लागते, हे माझं म्हणणं कायम.

रंकाळ्याचा_वारा

दोघंबी बरोबर हायसा. आता चहा कुठं घ्यायचा ते ठरवा. कराडच्या अलीकडं थांबू नका, कोल्हापुरात या, मिसळ खाऊन घाटाला लागा. भरल्या पोटानं गगनबावडा झकास लागतो.

वऱ्हाडी_चाक

आमचं दुःख वेगळंच आहे भाऊ. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी झाला, पण दुचाकीला बंदी. एक्सप्रेसवेला बंदी, अटल सेतूला बंदी. आम्ही आपले अमरावती, अकोला, धुळे करत येतो. म्हणून ताकदीच्या वादात मी दगडगोटा यांच्या बाजूने. जे रस्ते आपल्याला मिळतात त्यांवर नव्वदच्या वर जायला जागाच कुठे आहे? मे महिन्यात मात्र इंजिनाची गरमी मांडीला किती लागते ते नक्की बघा. आमच्याकडे पंचेचाळीस अंशात सिग्नलला उभं राहिलं की हा एकच मुद्दा उरतो.

पुळणवाट

मी एकटीने बरंच फिरते, किनाऱ्याने जास्त. रेवसपासून खाली यायचं, आगरदांडा–दिघी फेरीबोट, वेसवी–बाणकोट, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. त्यातून दोन मुद्दे.

एक वजन. गाडी चालताना वजन कळत नाही, उभी असताना कळतं. फेरीबोटीवर चढवताना, ओल्या लोखंडी रॅम्पवर उलटं उतरवताना, मऊ वाळूत साइड स्टँड रुतला तर. मीटिऑर १९१ किलो, हिमालयन ४५० १९६, डॉमिनार १९३, सीबी (हायनेस) १८१, व्ही-स्ट्रॉम १६७. या वीस-पंचवीस किलोंनी दिवसाच्या शेवटी फार फरक पडतो. आडवी पडलेली गाडी एकटीने उचलून बघितल्याशिवाय मी कुणाला विकत घ्यायला सांगणार नाही.

दुसरा मुद्दा टायर. ट्यूबलेस असेल तर खिळा काढायचा, स्ट्रिप घालायची, हवा भरायची आणि निघायचं. ट्यूब असेल तर चाक काढा, टायर उतरवा, आणि आजूबाजूला माणूस नसेल तर बसून राहा. हिमालयन ४५० घेणार असाल तर ट्यूबलेस स्पोकवाली चाकं मिळतात, तीच घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात. खाऱ्या हवेत स्पोक गंजतात, तेव्हा किनाऱ्याहून आलं की गोड्या पाण्याने धुणं आलंच.

आणि एक अनुभव, कंपनीचं नाव लिहीत नाही. एका गाडीचा साधा ब्रेक लिव्हर मोडला तर आमच्या जिल्ह्याच्या शोरूममध्ये तीन आठवडे आला नाही. तेव्हापासून गाडी बघायला गेले की मी आधी सर्व्हिसच्या काउंटरला जाते. क्लच लिव्हर, ब्रेक पॅड, एअर फिल्टर आत्ता स्टॉकमध्ये आहे का, असं विचारते. सेल्सवाला काय सांगतो त्यापेक्षा त्या खिडकीवर जास्त कळतं.

तिरफळ

देवगडात सासरा-माहेर काय ता म्हायत नाय, पण गाडी खंयचीय घेवा. पावसात शेवाळलेल्या पाणंदीत ती फिरवून परत तोंड करून लावूची असता, ह्या इसरां नकात. माका पुळणवाटचा म्हणणा पटला.

बारातेराचा_पाना

पुळणवाट ताईंनी सर्व्हिस काउंटरचं लिहिलं ते लाखात एक. घाटवाट, हे तुम्ही पुण्यात करू नका. कणकवलीला किंवा कोल्हापुरात करा. पुण्यात सगळ्यांचे पार्ट मिळतात.

जुनी_करिझ्मा

विषयांतर करतो, माफ करा. २००३ साली हिरो होंडाने करिझ्मा आणली तेव्हा टूरिंगची गाडी असं वेगळं काही आपल्याकडे नव्हतंच. बुलेट होती, उजव्या पायाला गिअरवाली, तिचं प्रेम वेगळं. पण सकाळी किक मारायची आणि न थांबता गोव्यात उतरायचं, हे आमच्या पिढीला करिझ्माने शिकवलं. माझी अजून चालते. २२३ सीसी, दोन व्हॉल्व्ह, एअर कूल्ड. कुठल्याही गावातला माणूस पाना लावतो. टिकाऊपणा म्हणजे नवीन तंत्रज्ञान नव्हे, हे आजच्या पोरांना पटत नाही.

एनएच४८वाला

काका, करिझ्माला नमस्कारच आहे. पण तिला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय, नाही. ओल्या घाटात दोघांचं वजन घेऊन उतरताना मला एबीएस हवाच. २०१९ पासून १२५ च्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा केला, ते फार बरं झालं.

जुनी_करिझ्मा

हे मान्य. मुलाला घेऊन दिली ती एबीएसवालीच.

कोयनाकाठ

इथेनॉलचं काय? गाडी महिनाभर उभी राहिली तर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने टाकी गंजते म्हणतात. आणि एनफिल्डवाल्यांनो, रिकॉलबद्दल पण बोला की.

बारातेराचा_पाना

इथेनॉल हवेतली ओल ओढतं हे खरं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी पाइप, सील वगैरे ई२० ला चालतील असे आहेत, त्यामुळे नव्या गाडीला घाबरू नका. इथेनॉलमध्ये उष्णता कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं. गाडी पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. रिकाम्या जागेत ओल धरते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना त्रास जास्त, तिथे कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

रिकॉलचं म्हणाल तर मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून सुमारे २,३७,००० गाड्या परत बोलावल्या. गाडी मिसिंग मारायची, क्वचित बंद पडायची. कुठलीच कंपनी धुतल्या तांदळासारखी नसते. चूक जाहीर करून फुकट पार्ट बदलून देणारी कंपनी मला चालते. म्हणून नवीन मॉडेल बाजारात आलं की वर्षभर थांबावं असं मी गिऱ्हाइकाला सांगतो, मग ते कुणाचंही असो.

नेकारकाठ

मी जर्मनीत असतो, थोडी इकडची माहिती. इथे मोटरसायकलची दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते. ब्रेक, टायर, चेन, दिवे, सायलेन्सर, सगळं. नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा आणायची. त्यामुळे जुनी गाडी घेताना निम्मी भीती कमी होते, कागदावरच कळतं तिची तब्येत काय आहे. आणि नंबर प्लेट हंगामी घेता येते, समजा मार्च ते ऑक्टोबर. विमा आणि कर तेवढ्याच महिन्यांचा. आपल्याकडे असं असतं तर कोकणातल्या पावसाळ्यात गाडी झाकून ठेवणाऱ्यांचे बरेच पैसे वाचले असते.

घाटवाट, सेकंड हँडचा विचार का नाही केला? घसाऱ्याचा मोठा भाग पहिला मालक सोसतो.

हिशोबनीस

नेकारकाठ यांचा मुद्दा अगदी महत्त्वाचा, माझ्याकडून तो लिहायचा होताच. विम्याच्या आयडीव्हीच्या (विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिच्या) कोष्टकातच बघा: सहा महिन्यांनंतर वर्षापर्यंत १५ टक्के कमी, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५०. बाजारभाव याच्या पुढेमागे असतो, पण उतार कळतो. तीन वर्षांची, एका हातची, वीसएक हजार झालेली गाडी हा माझ्या मते सगळ्यात शहाणा व्यवहार.

मात्र कागद नीट बघा. आधीचं कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि आरसीवरचं एचपी (कर्जाची नोंद) उतरवलेलं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. ई-चलन बाकी आहे का ते ऑनलाइन दिसतं. गाडी आपल्या ताब्यात आल्यावर १४ दिवसांत विमा नावावर करून घ्या, नाहीतर अपघात झाल्यावर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तुमच्या जुन्या गाडीचा ५० टक्क्यांपर्यंत साठला असेल आणि ती तुम्ही विकलीत तर तो नव्या गाडीला लावता येतो. घरात ठेवणार असाल तर नाही.

पुळणवाट

सेकंड हँड टूरिंग गाडी घेताना हँडल सरळ धरून पुढचं चाक डावी-उजवीकडे सावकाश फिरवा. मध्यावर येऊन अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट (हँडलची बेरिंग) गेला. खडबडीत रस्त्यावर दामटलेली गाडी असते ती. लेह-लडाखचे स्टिकर मोजत बसू नका, कुणीही विकत आणतं.

घाटवाट

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. पानावाल्यांनी सांगितल्याप्रमाणे गेल्या शनिवारी कोल्हापुरातल्या सर्व्हिस काउंटरना जाऊन आलो. ३५० च्या दोन्ही गाड्यांचे मागितलेले सगळे पार्ट समोर ठेवले. व्ही-स्ट्रॉमचा क्लच लिव्हर आणि फिल्टर होते, वायझर मागवावा लागेल म्हणाले. साडेतीनशेच्या वरचा विचार जीएसटी आणि विम्याचे आकडे वाचून सोडला. एनएच४८वाले, तुमचा मुद्दा पटतो, पण मी ऐंशी-नव्वदचा माणूस आहे.

मन व्ही-स्ट्रॉमवर बसलंय. हलकी, साधं इंजिन, स्पितीलाही चालेल. मात्र घरातून एक आक्षेप आलाय, तो खुद्द तिनेच लिहावा असं ठरलं.

मागची_सीट

नमस्कार, मी घाटवाट यांची बायको. आठवडाभर हा धागा वाचतेय आणि एक गोष्ट कुणी विचारली नाही, म्हणून आयडी काढला. गाडी मीही चालवणार आहे.

कॉलेजात वडिलांची गाडी चालवायचे, लायसन्स गिअरचं आहे. कराड ते कोल्हापूर मी चालवली तर यांची पाठ सुटेल आणि माझे गुडघे. मी पाच फूट दोन. व्ही-स्ट्रॉमची सीट ८३५ मिमी उंच, माझे दोन्ही पाय टेकत नाहीत, चवड्यावरसुद्धा धड नाही. मीटिऑरची ७६५, दोन्ही पाय सपाट टेकले आणि गाडी मागे ढकलूनही बघितली. वजन आहे, पण खाली आहे. मागे बसायला तिच्या सुपरनोव्हा मॉडेलला पाठीला टेकायची सोय कंपनीचीच आहे. सीबीची ८००, तीही जमली, फक्त मागची सीट मला अरुंद वाटली. शोरूममध्ये आम्ही दोघांनी जागा बदलून बसून पाहिलं, तेव्हा तिथला मुलगा मला 'मॅडम, तुम्ही कलर बघा ना' म्हणत होता.

पुळणवाट

मागची सीट, स्वागत! आणि अभिनंदन. दोघंही चालवणार असतील तर बुटक्या माणसाच्या उंचीची गाडी घ्यायची, यावर चर्चाच नको. उंच माणूस खाली बसू शकतो.

हिशोबनीस

कलर बघा म्हणाला? त्या शोरूममधून घेऊ नका. दुसऱ्या डीलरकडे जा, ॲक्सेसरीजवर घासाघीस पण करता येईल. विमा त्यांचाच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचा कोट घेऊन मगच बोला. आणि झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारा विमा, जरूर घ्या. नाहीतर क्लेमच्या वेळी प्लास्टिक आणि रबराच्या पार्टचे निम्मेच पैसे मिळतात, आणि गाडी आडवी पडली की आधी तेच मोडतं.

दगडगोटा

वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, माझा कौल बदलतो. स्पितीचं राहिलं. १७० मिमी क्लिअरन्स घेऊन दोघंजण लोसर–ग्रांफू करू नका, खालचा पाइप घासत जाईल. दोन वाटा आहेत. एक, शिमल्याकडून किन्नौर करत काझापर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या. तो रस्ता बराच बरा आहे आणि उंचीही हळूहळू वाढते, त्यामुळे त्रास कमी होतो. दुसरी, मनालीला किंवा शिमल्याला हिमालयन भाड्याने घ्या. पुण्याहून स्वतःची गाडी रेल्वेने पाठवायची तर टाकी रिकामी करणं, पॅकिंग, पार्सल ऑफिस, तिकडे उतरवून घेणं यातच सुट्टीचे दोन-तीन दिवस जातात. हौसेसाठी गाडी विकत घेऊ नये असं मी सुरुवातीला लिहिलं होतं, ते अजून म्हणतो.

एनएच४८वाला

मी अजून डॉमिनारवरच ठाम. पण वहिनी कराड–कोल्हापूर चालवणार हे वाचून बरं वाटलं. पेठनाक्याच्या पुढे डावीकडून येणाऱ्या ट्रॅक्टरकडे लक्ष ठेवा, उसाच्या दिवसांत मागे दिवे नसतात.

घाटवाट

ठरलं तर मग, मीटिऑर. एखादी चांगली जुनी मिळते का ते महिनाभर बघतो, नाही मिळाली तर नवी. नवी घेतली तर एक शेवटचा प्रश्न पानावाल्यांना: पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी ती दोघांना घेऊन देवगडला नेली तर चालेल का? घाट आहे म्हणून विचारतो.

बारातेराचा_पाना

पहिली सर्व्हिसिंग पाचशे किलोमीटरला असते आणि देवगड एका बाजूने चारशे. त्यामुळे आधी पुण्याच्या आसपास एकट्याने पाचशे करा, सर्व्हिसिंग करा, मग जा. हायवेला एकाच वेगाने तासन् तास धरू नका, वेग कमी-जास्त करत राहा. मोठ्या गिअरमध्ये इंजिन ओढवू नका, घाटात वेळेवर गिअर खाली घ्या. चढाला पिस्टनच्या रिंग बसतात चांगल्या, तेव्हा घाटाची भीती नको, लोडची धरा. पहिलं ऑइल काढतील तेव्हा शेजारी उभे राहा, त्यात थोडी चमकी दिसेल. नव्या इंजिनाचं ते साहजिक आहे. तुकडे दिसले तर तिथल्या तिथे जॉब कार्डवर लिहून घ्या आणि फोटो काढा. आणि निघायच्या आधी मागच्या टायरची हवा दोघांची भरा, हँडबुकमध्ये एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा दिलेला असतो.

मागची_सीट

हवेचा आकडा लिहून ठेवते. पहिले पाचशे आम्ही अर्धे अर्धे करणार आहोत.